पीटीचा तास गेला कुठे?

हा वर्ग बघा. शेवटून दुसरा तास, वेळापत्रकात लिहिलंय पीटी, पोरांनी बुटांच्या लेस आधीच आवळून ठेवल्यात, आणि तेवढ्यात गणिताच्या बाई आत येतात. "पोर्शन राहिलाय, वह्या काढा." अख्ख्या वर्गाची तोंडं पडतात. परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीचाच. आणि घरीसुद्धा तेच, दहावी लागली की बॅट माळ्यावर.

बाईंना पोर्शन संपवायचाय, ते खरंच आहे. पण मला मनापासून वाटतं की हा तास काढून घेतल्यावर गणिताचंसुद्धा नुकसानच होतं, आणि असं का वाटतं ते सांगतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या टीमने 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साडेनऊ वर्षांच्या आसपासची 20 मुलं, प्रत्येक जण दोन वेगळ्या दिवशी आला, एक दिवस 20 मिनिटं नुसतं बसायचं आणि एक दिवस 20 मिनिटं ट्रेडमिलवर भराभर चालायचं, बस. मग छातीची धडधड खाली आली की स्क्रीनसमोर बसायचं. स्क्रीनवर पाच बाण, त्यातला मधला कुठे तोंड करून आहे ते बघून बटण दाबायचं. सोपंय ना? पण बाजूचे चारही उजवीकडे आणि मधला एकटाच डावीकडे असला की बोट उजव्या बटणाकडेच धावतं, त्याला आवरावं लागतं. वर्गात तरी दुसरं काय असतं, शेजारचा कुजबुजतोय, बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतोय, आणि आपण फळ्यावरचं गणित बघायचं.

चालून आले त्या दिवशी त्याच मुलांची उत्तरं जास्त बरोबर आली, आणि वाचून समजण्याच्या टेस्टमध्येही ती पुढे गेली. फक्त 20 मिनिटं चालून!

पुढच्या वर्षी तिथल्याच संशोधकांनी 9-10 वर्षांच्या 49 मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढले. जी मुलं फिट होती त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी जुळवणारा भाग, साधारण 12 टक्क्यांनी मोठा होता. आता यावर कोणीही विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की फिट मुलांच्या घरचं खाणं, झोप, सगळंच चांगलं असेल तर?

म्हणून त्यांचा 2014 चा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 7 ते 9 वर्षांची 221 मुलं, आणि कोण कुठल्या गटात ते चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला शाळा सुटल्यावर रोज दोन तास खेळ, त्यात निदान 70 मिनिटं दमवणारी पळापळ, नऊ महिने. दुसरा गट वेटिंग लिस्टवर. शेवटी खेळणाऱ्या मुलांचं लक्ष टिकवणं आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाणं जास्त सुधारलं होतं, आणि जी जास्त दिवस हजर होती त्यांच्यात फरकही जास्त.

आता हे ग्राउंड. लंगडी चालू आहे, एक पोरगी एका पायावर चौथ्या गड्याच्या मागे लागलीय, आरडाओरडा नुसता. घंटा होते, नळावर रांग लागते, आणि ओल्या हातांनीच गणिताची वही उघडली जाते.