खडा गेला, नळी राहिली

(दृश्य: उद्यमबाग, दुपारची शिफ्ट सुटतेय. फौंड्रीच्या शेडमधून बाहेर पडणारी माणसं, गळ्यात टॉवेल.)

बेळगावचं उद्यमबाग. इथं फौंड्रीत दिवसभर भट्टीसमोर उभं राहायचं म्हणजे काय हे आत एकदा जाऊन आल्याशिवाय कळत नाही, घाम एवढा जातो की शर्ट पिळून घालावा लागतो, आणि पाणी? पाणी प्यायचं तर काम सोडून जायचं, मग परत लघवीला जायचं, तिकडं सुपरवायझर बघत असतो, म्हणून बरेच जण पितच नाहीत. खानापूरकडं वीटभट्टीवर तीच गत, उसाच्या फडात पण तीच, आणि फडात बायकांना आडोसाच नसतो त्यामुळं त्या सकाळपासून मुद्दामच पाणी कमी पितात. मग एखाद्या रात्री दोन-अडीचला बरगडीच्या खाली, पाठीकडून कळ सुरू होते, पोटात येते, जांघेत उतरते, माणसाला बसवत नाही झोपवत नाही, नुसता लोळतो.

मुतखडा.

लघवी दाट झाली की त्यातले क्षार विरघळलेले राहत नाहीत, खाली बसतात, त्यावर आणखी बसतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. उन्हातान्हात, भट्टीजवळ काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त, हे डॉक्टर लोकांना कधीपासून माहीत आहे, त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ती खडा काढायची पद्धत. आज ते बघायचंय, पण जाता जाता आपण पंचवीस सेंटीमीटरच्या एका मऊ नळीवर येऊन थांबणार आहोत, आणि खरं सांगायचं तर हा व्हिडिओ त्या नळीसाठीच केलाय.

(दृश्य: बेळगाव स्टेशन, मिरजेकडं जाणारी गाडी.)

खडा काढायचा खटाटोप फार जुना. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातली अश्मरी कापून कशी काढायची याचं वर्णन आहे, आणि तिकडं ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटसच्या शपथेत तर वैद्यानं खड्यासाठी चाकू लावायचा नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडायचं, असं म्हटलंय. म्हणजे किती भीती होती बघा. मूत्राशयातला खडा त्यातल्या त्यात हाताशी तरी यायचा, किडनी पाठीत खोल, बरगड्यांच्या आड. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांपैकी कुणाचं खड्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांची कूस बघा, पाठीकडून पोटाकडं आलेला लांब तिरका व्रण दिसेल. स्नायू कापायचे, कधी बरगडीचं टोक काढायचं, मग किडनी उघडायची. त्यानंतर कित्येक आठवडे वजन उचलायचं नाही, शेतात जायचं नाही. आपल्या भागातली माणसं त्यासाठी मिरजेला जायची, १८९४ पासूनचं वानलेस हॉस्पिटल तिथं, रायबाग-कुडची-उगार करत जाणारी रेल्वे होतीच. मिरजेला नेलं म्हणजे मोठं ऑपरेशन, एवढं गावात सगळ्यांना कळायचं.

हे सगळं बदलायला लागलं १९७६ मध्ये. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून थेट किडनीपर्यंत एक भोक पाडलं आणि त्यातून खडा बाहेर काढला. पोट उघडलं नाही, काही नाही. हीच आजची पीसीएनएल. सुरुवातीला हा रस्ता जवळजवळ एक सेंटीमीटर रुंद असायचा, आता मिनी पीसीएनएलमध्ये तो पाच-सहा मिलिमीटरवर आलाय, त्यामुळं रक्तस्राव कमी होतो. पण एक लक्षात घ्या, भोक लहान झालं म्हणून काम सोपं झालं नाही. सुई किडनीच्या नेमक्या कुठल्या कप्प्यात घुसवायची हे सर्जननं एक्स-रेच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीत बघून ठरवायचं असतं, आणि किडनी तर श्वासाबरोबर वर-खाली हलत असते. पहिली सुई चुकीच्या जागी गेली की पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं.

मग १९८०. ७ फेब्रुवारीला म्युनिकमध्ये एका पेशंटच्या खड्यावर बाहेरून धक्क्याच्या लहरी सोडल्या आणि खडा आतल्या आत फुटला, सुई नाही चाकू नाही. ते मशीन बनवलं होतं डॉर्निए या विमान बनवणाऱ्या कंपनीनं. वेगात जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचं नुकसान कसं होतं याचा ते लोक अभ्यास करत होते, त्यातून ही कल्पना निघाली. (आता आपल्या हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, तिथून जाताना मला दर वेळी हे आठवतं.) त्या पहिल्या मशीनमध्ये पेशंटला चक्क पाण्याच्या टबात बसवायचे, कारण लहर पाण्यातून शरीरात नीट शिरते. आता टब गेला, पाण्यानं भरलेली गादी आणि जेली आली. पण फुटलेले तुकडे लघवीतून आपले आपणच पडावे लागतात, खडा फार कडक असेल तर फुटतच नाही, आणि गरोदर बाईला किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेल्याला हा उपाय करत नाहीत. म्हणून एकेकाळी एवढं गाजलेलं हे मशीन आता मागं पडत चाललंय.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. मॉनिटरवर किडनीच्या आतलं गुलाबी अस्तर, मधे पिवळट खडा.)

आता ज्याची सगळीकडं हवा आहे ते आरआयआरएस. यात कुठंच कापायचं नाही. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत, मूत्राशयातून मूत्रवाहिनीत, तिथून वर किडनीत. ही दुर्बीण साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाड, तिच्या टोकाला कॅमेऱ्याची चिप, आणि टोक हँडलवरच्या खटक्यानं एवढं वळतं की जवळजवळ उलटं मागं बघू शकतं, म्हणून किडनीच्या खालच्या कोपऱ्यात लपलेला खडासुद्धा सापडतो. दुर्बिणीच्या पोटातून लेझरची तार जाते, साधारण पाव मिलिमीटरची. बरीच वर्षं होल्मियम लेझर चालला, अजून चालतो, त्याची तरंगलांबी २१०० नॅनोमीटर. आता थुलियम फायबर लेझर आलाय, १९४० नॅनोमीटरचा, ही ऊर्जा पाणी चारेक पट जास्त शोषून घेतं, त्यामुळं छोट्या छोट्या आणि खूप भराभर ठोक्यांनी खडा झिजवता येतो. तुकडे करून एकेक पकडून आणायच्या ऐवजी खड्याचं गिरणीतल्यासारखं पीठच करून टाकायचं.

इथं जरा थांबूया, कारण खरी गंमत पुढंच आहे आणि जाहिरातीत ती नसते. लेझर चालला की आतलं पाणी तापतं, किडनी भाजू नये आणि डॉक्टरला नीट दिसावं म्हणून सतत सलाईन सोडावं लागतं. सलाईन सोडलं की किडनीत दाब वाढतो. आणि लघवीत किंवा खड्यात जंतू असले तर तो दाब त्यांना रक्तात ढकलतो, मग थंडी वाजून ताप, बीपी पडतं, पेशंट आयसीयूत. बाहेरून बघाल तर अंगावर ओरखडासुद्धा नाही! म्हणून ऑपरेशनच्या आधी लघवीची कल्चर टेस्ट करतात, ती "आणि कशाला पैसे" म्हणून टाळायची गोष्ट नाही. याच अडचणीवर आता सक्शन असलेली वाकणारी नळी आलीय, दुर्बिणीच्या बाहेरून बसते, किडनीत वळत जाते आणि पाणी, धूळ, जंतू सगळं तिथल्या तिथं ओढून घेते. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत लेझरपेक्षाही हे सक्शन जास्त मोलाचं, पण बोर्डावर लेझरच लिहितात, सक्शनला कोण विचारतंय.

बोर्डावरून आठवलं. बेळगावात, निपाणीत, कोल्हापूरच्या रस्त्यावर सगळीकडं दिसतं, "बिनटाक्याचं ऑपरेशन, एका दिवसात घरी". खोटं नाही ते. पण टाका नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ आपण आपल्या मनानं लावतो. कुठल्या खड्याला कुठला उपाय हे ठरतं खडा केवढा, कुठं आणि किती कडक यावर, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक वेळा आपणच पडतात, पाणी आणि गोळ्या पुरतात. दोन सेंटीमीटरच्या वरच्या खड्याला आजही पाठीतून पीसीएनएलच पहिली पसंती, लेझरनं लघवीच्या वाटेनंच काढा असा हट्ट धरला तर दोनदा-तीनदा भूल घ्यायची पाळी येऊ शकते. मधले जे आहेत त्यांच्यावर डॉक्टर-डॉक्टरमध्येसुद्धा मतं वेगळी.

आणि हो, हुलग्याचं कढण, पानफुटीची पानं, केळीच्या खोडाचा रस, आणि पोरांचा आवडता उपाय बीअर! कढण प्या की, पोटात पाणी जातंय ते चांगलंच आहे. बीअरनं लघवी होते भरपूर पण नंतर अंग कोरडं पडतं, म्हणजे फिरून दाट लघवी. दोन सेंटीमीटरचा खडा यातल्या कशानंच हलत नाही, तोवर मागं किडनी फुगत राहते ते वेगळं.

हे असं फक्त खड्याचंच झालंय असं नाही. पित्ताशय पोट न उघडता दुर्बिणीतून पहिल्यांदा काढलं जर्मनीत एरिक म्यूहे यांनी, १९८५ मध्ये. आपल्या देशात ते १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडियांनी केलं. हृदयाची बंद नस फुग्यानं उघडली ग्रुंटझिग यांनी, झुरिकला, १९७७ मध्ये, तेव्हा तार जांघेतून घालायचे, आता बऱ्याच वेळा मनगटातून घालतात. मग स्टेंट आला. आणि हा हृदयातला स्टेंट आपल्याकडं गल्लोगल्ली माहीत झालाय, कुणाच्या ना कुणाच्या काकांना बसवलेला असतो, एकदा बसवला की जन्मभर तिथंच राहतो.

इथंच घोटाळा होतो, कारण खड्याच्या ऑपरेशननंतर घालतात त्या नळीलाही स्टेंटच म्हणतात.

(दृश्य: हातावर ठेवलेली निळी नळी, दोन्ही टोकं वळलेली.)

ही डीजे स्टेंट. डबल जे. १९७८ मध्ये फिनी यांनी आणलेली. एक टोक किडनीत, एक मूत्राशयात, दोन्हीकडं वळण असतं म्हणून सरकत नाही. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनी आतून सुजते, तुकडे अडकतात, लघवी तुंबू नये म्हणून ही घालतात. असते तोवर सारखं लघवीला होतं, जळजळतं, खानापूरच्या बसमधून धक्के खात आलं की लघवी लाल होते, हे सगळं अपेक्षितच असतं. पण ही कायमची नाही. काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी काढायची असते. तीन महिन्यांच्या पुढं गेली की तिच्यावरच क्षार बसायला लागतात, ज्याला मुळात खडे होतात त्याच्या अंगात तर जास्तच, मग नळीच खडा होते, दोन्ही टोकांना गोळे, ओढली तर येत नाही, तुटते. तेव्हा मूत्राशयातून लेझर, पाठीतून पीसीएनएल, सगळं नव्यानं, आणि तोवर उशीर झाला असेल तर ती किडनी गेलेली असते. आणि वेळेत काढायला लागतात दहा मिनिटं, सुन्न करायची जेली लावून, ॲडमिट पण व्हावं लागत नाही बहुतेक वेळा.

मग लोक का जात नाहीत? आळस म्हणून सोडून देऊ नका. "खडा निघाला की ओ, कळ गेली, आता आणि कशाला जायचं?" हे एक. दुसरं, आपल्या भागात ऑपरेशन कुठं होतं ते बघा. अथणी-कागवाडची माणसं मिरजेला, निपाणीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावला नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्याला. जिथं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड चालतं तिथं. कर्नाटकाचं कार्ड वेगळं, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली, त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला तो आपण बातम्यांत बघितलाच. कार्डावर ऑपरेशन होतं, पण परत जायचा दिवस, सोबतीला येणाऱ्या माणसाचा दिवस, बसभाडं, हे कुठल्या कार्डात बसतं? डिस्चार्ज पेपर इंग्लिशमध्ये, घरातली म्हातारी मराठी वाचणारी, आठवण करून द्यायला आलेला फोन कधी कन्नडमध्ये, तो पण मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा पुण्यात.

फडातल्या लोकांचं तर गणितच उलटं बसतं. हंगाम सुरू होताना खडा निघाला आणि दिवाळीच्या आसपास नळी बसली, तर मुकादम सुट्टी देत नाही, "ऊस संपला की जा" म्हणतो. ऊस संपतो शिमग्याला. चार महिने झाले.

यावरही नवीन गोष्टी येऊ लागल्यात. नळीच्या टोकाला लोहचुंबक, म्हणजे कॅमेरा न घालता दुसऱ्या चुंबकानं ओढून घ्यायची. काही नळ्यांना दोरा असतो, तो बाहेर ठेवतात आणि काही दिवसांत ओढून काढतात. आपोआप विरघळणाऱ्या नळ्यांवर संशोधन चालू आहे. काही दवाखाने नळी बसवलेल्यांची यादी ठेवून मेसेज पाठवतात, यादी ठेवायला कुठलं मशीन लागत नाही, वही पुरते, पण ती रोज उघडणारं माणूस लागतं. साधं सोपं काम, तरी सगळीकडं होत नाही.

(दृश्य: एक्स-रे फिल्म, त्यात किडनीपासून खाली उतरलेली नळीची पांढरी रेघ.)

घरात कुणाचं खड्याचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज पेपरवर "डीजे" ही अक्षरं शोधा, कुठल्या बाजूला घातलीय आणि कधी काढायची ती तारीख बघा. पेपर हरवला असेल, माणसाला आठवत नसेल, "काढली वाटतं" असं उत्तर येत असेल, तर पोटाचा साधा एक्स-रे काढा. नळी त्यात दिसते. त्यासाठी मिरजेला, गोव्याला जायला नको, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतं ते काम. दिसली, तर जिथं घातली तिथंच गेलं पाहिजे असं पण नाही, जवळचा कुठलाही युरॉलॉजिस्ट काढू शकतो. फक्त जाताना तो एक्स-रे बरोबर न्या, आणि किती महिने झालेत ते खरं सांगा.