म्हॅऽऽ करणारी डबी

नमस्कार श्रोतेहो. इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, नोव्हेंबर उजाडला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर माजावर येतात. थंडी पडली म्हणून नव्हे हं, दिवस लहान होतात म्हणून. साधारण 200 दिवसांनी, मे-जूनमध्ये, गवत कोवळं असताना पाडसं जन्मतात. नोव्हेंबरातच इथे घड्याळंही तासभर मागे सारतात. त्यात कुणाचं भलं होतं ते मला आजवर उमगलेलं नाही. हरणं बापडी सूर्यावरच चालतात.

तर शिकारीसाठी आवाज काढून नराला बोलवायचं कसं? एक पुंगी असते, ती फुंकली की नराचा घुरघुराट निघतो. एक डबी असते, ती उलटी केली की मादीसारखं ‘म्हॅऽऽ’ येतं. तिसरा प्रकार, शिंगं एकमेकांवर आपटायची, दोन नर झुंजताहेत असं भासवायचं. हे ऑक्टोबरअखेरीला चांगलं चालतं. एकदा नराला मादी भेटली, की तुम्ही ढोल बडवा, तो ढुंकून बघत नाही.

एक लक्षात ठेवा: तो तुमच्याकडे येत असेल तर गप्प बसा. पाठ फिरवून चालला असेल तरच वाजवा. पुन्हा सांगतो, येत असेल तर गप्प!

हे मी शिकलो ते असं. शेजारचे म्हातारबुवा धनुष्यबाणाने शिकार करतात. त्यांनी मला लपणात नेलं. त्यांच्या हातात धनुष्य, माझ्याकडे कॅमेरा, आणि त्यांनीच दिलेली डबी माझ्या जाकिटाच्या खिशात. पहाटेपासून ते पुंगी फुंकताहेत, पंधरा-वीस मिनिटं थांबताहेत, पुन्हा फुंकताहेत. साधी खारसुद्धा फिरकली नाही. बोटं गारठली. शेवटी मी थर्मास काढायला वाकलो, तर खिशातून ‘म्हॅऽऽ’! म्हातारबुवांनी डोळे वटारले. मी दचकून सरळ झालो. कपात चहा ओतायला पुन्हा वाकलो, पुन्हा ‘म्हॅऽऽ’!

आणि पानं वाजली. चांगला आठ टोकांच्या शिंगांचा नर, मान फुगलेली, नाक जमिनीला लावून थेट आमच्याकडे. म्हातारबुवांनी हळूच धनुष्य उचललं. पण ही जात सरळ येते थोडीच! वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला, म्हणजे आमचा वास त्याच्याकडे. आणि आमचा वास म्हणजे काय, तर आलं घालून उकळलेला चहा. (टी-बॅगच्या पाण्याला मी चहा म्हणत नाही.) वीस पावलांवर थबकला, नाक वर केलं, ‘फुर्रर्र’ केलं, आणि पांढरी शेपटी उभारून पसार.

वारा आधी बघा, मंडळी. पुंगी नंतर.

गाडीपर्यंत म्हातारबुवा एक शब्द बोलले नाहीत. तिथे बाण भात्यात ठेवला, माझ्या खिशातली डबी काढून घेतली आणि रिकामा कप पुढे केला. म्हणाले, “उरलाय का थोडा?”

डबी अजून परत दिलेली नाही.