दह्याचा आंबटपणा विकणारी दुकानं

मंडळी, आपल्याकडे दही फडक्यात टांगतात, पाणी निथळलं की चक्का, आणि साखर घोटली की श्रीखंड. अमेरिकेतल्या फ्रोझन योगर्टवाल्यांनी, म्हणजे आइस्क्रीमसारखं गोठवलेलं दही विकणाऱ्यांनी, नेमकं उलटं केलं. पाणी ठेवलं, वर हवा भरली! मशीनच्या थंडगार नळकांड्यात मिश्रण घुसळतं, कडेला गोठलेला थर पातं खरवडत राहतं आणि त्याबरोबर हवा आत शिरते. साखर नसती तर हे सगळं दगडासारखं गोठलं असतं. म्हणजे साखर नुसती गोडीसाठी नाही, हे तब्येतीच्या नावाखाली दोन कप रिचवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

१९८१ मध्ये आर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉक गावी फ्रँक हिकिंगबॉथम यांनी ‘टीसीबीवाय’ हे अशा दह्याचं दुकान काढलं. या अक्षरांचा मूळ अर्थ काय, तर ‘धिस कान्ट बी योगर्ट’, हे दही असणंच शक्य नाही! पुढे तशाच नावाच्या दुसऱ्या कंपनीने कोर्टात खेचलं, तेव्हा अक्षरं तीच ठेवून अर्थ बदलला, ‘द कन्ट्रीज बेस्ट योगर्ट’. मला यातली गंमत अशी वाटते की विकायचं दही, पण ते दह्यासारखं लागत नाही हीच जाहिरात.

आता पिंकबेरी पाहा. शेली ह्वांग आणि यंग ली, दोघंही मूळचे कोरियन. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूडच्या एका गल्लीत लहानसं दुकान थाटलं. खरं तर तिथे चहाचं दुकान काढायचं होतं, पण नगरपालिकेच्या परवानगीवरून ते फसलं. मग दही. कोरियात ‘रेड मँगो’ नावाच्या दुकानांनी आंबट गोठवलेलं दही आधीच लोकप्रिय केलं होतं. पिंकबेरीने सुरुवातीला दोनच चवी ठेवल्या, साधी आणि ग्रीन टी. साधी म्हणजे चक्क आंबट. वर ताजी फळं. रांगा लागल्या, गाड्या कुठेही उभ्या राहू लागल्या, शेजारी वैतागले. २००७ मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गुंतवणूक कंपनीने पैसा ओतला.

पण आंबटपणाला कुठलं पेटंट? आणि शेजारच्या ऑरेंज काउंटीत २००६ मध्येच ‘योगर्टलँड’ उघडलं होतं. तिथली युक्ती निराळी होती: कप घ्या, नळाची दांडी स्वतः ओढा, वर हवं ते घाला, शेवटी काट्यावर ठेवा. पैसे वजनावर.

हा काटा मला फार आवडतो. ठरलेल्या मापाच्या कपात हवाही दह्याच्या भावाने विकली जाते. काट्यावर हवेला किंमत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला व्यवहार सरळ वाटतो. पण कप भलामोठा असतो. तळाशी दोन वेढे घातले तर ते केविलवाणे दिसतात, म्हणून हात थांबत नाही. त्यात दही, बिस्किटाचा चुरा, स्ट्रॉबेरी, सगळं एकाच भावात. शिवाय कप भरून द्यायला माणूस लागत नाही, पगार तेवढा वाचतो. आपल्या मिठाईवाल्याने श्रीखंडाचं पातेलं असं गिऱ्हाइकाच्या हाती दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

अशी दुकानं मग कोपऱ्याकोपऱ्यावर झाली, एकाचं दही दुसऱ्यापासून ओळखू येईना. २०१५ च्या अखेरीस पिंकबेरी ‘कहाला ब्रँड्स’ या खाण्यापिण्याच्या अनेक दुकानसाखळ्या बाळगणाऱ्या कंपनीने घेतली. कहालाच्या घरात तेव्हा ‘कोल्ड स्टोन क्रीमरी’ आधीपासून नांदत होती. ती विकते आइस्क्रीम.