शेवटच्या कडव्यापर्यंत : सीमाभागातील आजचे कवनकार

(दृश्य : येळ्ळूरची भातशिवारे, मागे राजहंसगड. नंतर देवळामागचे अंगण.)

गवताच्या जाळावर डफ तापवला जात आहे. ओलसर हवेत शेळीचे कातडे सैल पडते आणि सैल डफाचा बोल मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून शाहीर डफ जाळावर धरतो, बोटांनी वाजवून पाहतो आणि पुन्हा धरतो. शेजारचा झीलकरी, म्हणजे शाहिरामागून सूर धरणारा साथीदार, तुणतुण्याची खुंटी पिळत आहे. एक लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला ताणलेले कातडे, बाजूला ठोकलेली काठी आणि कातड्याच्या मध्यातून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार, एवढेच हे वाद्य आहे. त्यातून एकच सूर निघतो आणि रात्रभराच्या गाण्याला तो पुरतो.

आज गायचा पोवाडा या शाहिराने स्वतः रचला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना आलेला महापूर हा त्याचा विषय आहे. लोकगीत म्हटले की ते कोणा अनामिकाने फार पूर्वी रचलेले असणार, अशी आपली समजूत असते. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात स्वतःची कवने स्वतः बांधून गाणारी माणसे आजही आहेत आणि ती शोधून ऐकावीत अशीच आहेत.

(दृश्य : वहीची पाने, जवळून.)

जुन्या शाहिरांच्या हस्तलिखितांना बाड म्हणत. या शाहिराचे बाड म्हणजे शाळेच्या दोनशे पानी वह्या आहेत. रचना करताना त्याला आधी चाल सुचते. चाल गुणगुणत तो बांधावरून चालतो, तिच्या मापात पहिली ओळ बसली की ध्रुपद, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी ओळ, धरतो आणि मग चौकामागून चौक, म्हणजे गाण्याचे एकेक खंड, रचत जातो. कोणता शब्द झीलकऱ्यांच्या ‘जी जी रं जी’च्या आधी यावा आणि श्वास कोठे घ्यावा, हे तो गाऊनच ठरवतो, वहीत उतरते ते सगळे ठरल्यानंतरचे रूप. खाडाखोड दिसते ती बहुधा शेवटच्या कडव्यात, कारण तेथे रचणाऱ्याने आपले नाव, गाव आणि गुरूचे नाव वृत्तात बसवायचे असते. ही नाममुद्रा. गाणे कोणाचे हे श्रोत्याला त्यातूनच कळते, आणि ज्याला नवे कवनकार शोधायचे आहेत त्याच्यासाठी याहून खात्रीची खूण दुसरी नाही.

(दृश्य : रात्रीचा फड, म्हणजे गाणाऱ्यांचा मेळा. दोन बाजूंना दोन पक्ष.)

हा कलगी-तुऱ्याचा सामना आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. एका पक्षाने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा, असे हे रात्रभर चालते. पाठ केलेली गाणी संपली की खरा कवी उघडा पडतो, कारण पुढचे कडवे त्याला जागेवरच बांधावे लागते. बेळगावच्या पूर्वेकडील कन्नड गावांत हाच वाद नागेशी आणि हरदेशी या नावांनी गायला जातो. तेथे नागेशी शक्तीची बाजू घेतात आणि हरदेशी शिवाची. त्यांच्या गाण्यात ‘गी गी’ची झील असते म्हणून त्याला गीगी पद म्हणतात. डफ आणि तुणतुणे तेथेही तसेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि तेव्हापासूनचा सीमाप्रश्न मराठी शाहिरांच्या कवनांचा विषय झाला. असे असूनही एकाच जत्रेत दोन्ही भाषांतले फड रंगतात, एकमेकांच्या चाली उचलतात आणि त्या चालींवर नवे शब्द बसवतात.

(दृश्य : सौंदत्तीचा डोंगर, यात्रेकरू. चौंडके.)

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडके वाजत आहे. वाद्य काखेत दाबून एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की स्वर चढतो किंवा उतरतो, आणि त्यामुळे ते गाणाऱ्याच्या मागोमाग बोलल्यासारखे वाटते. येथे मराठी आणि कन्नड पदे एकामागून एक गायली जातात. जुन्या पदांत नवी कडवी घालणारे गायक याच गर्दीत आहेत.

(दृश्य : खानापूर तालुका, चिखलात भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया.)

या स्त्रियांपैकी एकजण संध्याकाळी महिला भजनी मंडळात गाते. तिने रचलेल्या अभंगांत पाऊस आहे, जंगलातून शेतात उतरणारे गवे आहेत आणि गावाबाहेर कामाला गेलेले मुलगे आहेत. तिच्या भजनांची वही तिच्या सुनेने लिहून काढली आहे. या संपूर्ण चित्रणात आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली रचनाकार हीच आहे.

बिदागी तुटपुंजी असल्यामुळे अनेक फड मोडले आहेत आणि अनेक बाडे मालकासोबतच संपली आहेत.

(दृश्य : मिरवणुकीतील चित्ररथ, हातातले मोबाइल.)

वैशाखात बेळगाव शहरात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते, माघ पौर्णिमेच्या सुमारास चिंचलीला मायाक्काची यात्रा भरते, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांतील मराठी साहित्य संमेलनांकडे परिसरातील रसिक येतात. अशा ठिकाणी हे आवाज भेटतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती मात्र बहुतेक पहिल्या दोन चौकांतच थांबतात आणि नाममुद्रा कापली जाते. चित्रण करणाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत कॅमेरा सुरू ठेवावा आणि चित्रफितीखाली रचणाऱ्याचे नाव व गाव, त्याच्या संमतीने, लिहावे.