‘जोर लाव!’ म्हणजे नेमका कधी? कळांच्या वेळी मिडवाइफ काय बघते

नमस्कार! लेबर रूममध्ये ‘जोर लाव, जोर लाव’ ही आरडाओरड बहुतेकींनी ऐकलेली असते. पण तो जोर बऱ्याचदा वेळेआधीच लावायला सांगितला जातो. प्रशिक्षित मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी नर्स, तोवर काय करते, ते बघू. आपल्याकडे 2018 च्या केंद्र सरकारच्या धोरणानुसार नर्सना यासाठी 18 महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण दिलं जातं.

कळा सुरू झाल्या म्हणजे बाळंतपण दारात आलं असं नाही. गर्भपिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणीची अख्खी रात्र जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्येच सांगितलंय की ‘तासाला एक सेंटिमीटर’ हा हिशेब सरसकट सगळ्यांना लावू नका. गरोदरपण सुरळीत असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर कळा दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर येईपर्यंत घरी चाला, पेज-ताक घ्या, कुशीवर पडा. दुसरं बाळंतपण असेल तर एवढं थांबू नका. आणि पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर कळा मोजत बसायचंच नाही. 102 किंवा 108 ला फोन करा.

दर दोन तासांनी लघवीला जा. क्षुल्लक वाटतं, पण भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं खाली उतरू देत नाही.

मिडवाइफ बाळाचे ठोके दर 15 ते 30 मिनिटांनी ऐकते, निदान मिनिटभर, आणि कळ ओसरल्यावरही. कारण कळेच्या वेळी वारेकडे, म्हणजे नाळेतून बाळाला रक्त पुरवणाऱ्या भागाकडे, जाणारं रक्त कमी होतं. ठोके मिनिटाला 110 ते 160 हवेत. कळ गेली तरी ते खालीच राहिले, तर बाळाला त्रास होतोय, डॉक्टरांना लगेच बोलवायचं. जोर लावायच्या टप्प्यात दर 5 मिनिटांनी ऐकतात.

(स्क्रीनवर: पिशवीच्या तोंडाचं चित्र, 6 आणि 10 सेंटिमीटर)

आता जोर. तोंड पूर्ण 10 सेंटिमीटर उघडायच्या आत जोर लावला, तर त्याची कड डोकं आणि हाड यांच्या मध्ये दबून सुजते. सुजली की उघडणं अडतं आणि आई खऱ्या कामाच्या आधीच थकते. पूर्ण उघडल्यावरही शौचाला लागल्यासारखी आतून कळ रेटेपर्यंत थांबलेलं बरं. श्वास रोखून, मोजत जोर लावायची गरज नाही, शरीर रेटेल तसा लावा.

उताणं झोपवणं सोयीचं असतं ते तपासणाऱ्याला. आईच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर गर्भाशयाचा भार येतो, माकडहाडालाही मागे सरकायला जागा राहत नाही. कुशीवर, उकिडवं किंवा हात-गुडघ्यांवर, जसं जमेल तसं करून बघा.

डोकं दिसून परत आत जाईनासं झालं की जोर थांबवायचा आणि तोंडानं छोटे छोटे श्वास घ्यायचे. खाली कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड धरलं तर खोलवर फाटण्याचा धोका कमी होतो.

वरून पोट दाबून बाळ बाहेर ढकलायचं नाही. गर्भपिशवी फाटू शकते. घाई म्हणून कळा वाढवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी किंवा देखरेखीशिवाय द्यायचं नाही, तेही याच कारणानं. गंमत बघा, तेच ऑक्सिटोसिन बाळ जन्मल्यावर लगेच 10 युनिट दिलं की जास्तीचा रक्तस्राव टळतो. औषध एकच, वेळ चुकली की घात.

बाळ रडलं, श्वास नीट आहे, तर ते आईच्या उघड्या छातीवर. नाळ 1 ते 3 मिनिटांनी कापायची, बाळाला जास्तीचं रक्त मिळतं. मध-पाणी काही नाही, पहिला चीकच. अंघोळ 24 तासांनंतर.

वार पडली की ती पसरून बघतात. तुकडा आत राहिला तर पिशवी आकसत नाही आणि रक्त थांबत नाही. पुढचे दोन तास दर 15 मिनिटांनी बेंबीजवळ पिशवी चाचपायची, नारळासारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली, किंवा तासाच्या आत पूर्ण पॅड भिजला, तर ‘बाळंतपणात रक्त जायचंच’ म्हणत बसू नका, सिस्टरला त्याच क्षणी हाक मारा.