दादरला उतरल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

सावंतवाडीहून सुटलेली तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला लागते. चाकरमान्यांच्या गर्दीत एखादं जोडपं असं उतरतं, की त्यांच्याकडे आंब्याची पेटी नसते, फणस नसतो. असते ती रिपोर्टांची फाइल. दोघं थोडा वेळ फलाटावर नुसती उभी राहतात. परळला टाटा हॉस्पिटलात जायचंय, एवढं माहीत असतं. रात्री पाठ कुठे टेकायची, ते माहीत नसतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एक वहिनी अशाच उतरल्या होत्या. मी राजापूर तालुक्यातली, वाडीच्या मंडळाची खजिनदार. वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, त्याचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. मंडळानं गणपतीच्या शिलकीतून दहा हजार रुपये दिले. मोठं काम झालं असं आम्हाला वाटलं.

मग शेक सुरू झाला. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, असे पंचवीस दिवस. यंत्राखाली दहा-पंधरा मिनिटं पडायचं, पण त्यासाठी पाच आठवडे मुंबई सोडता येत नाही. हे आलं नेमकं लावणीच्या तोंडावर. इकडे तरवा वाढून बसलेला, म्हैस दुभती, मुलगा नववीत, घरात सासू एकटी. तिकडे खोलीचं भाडं आणि दोन माणसांचं जेवण. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्याचं आम्हाला शेतं पडीक राहिल्यावर कळलं, तेही मुलाच्या तोंडून.

औषधांचं बिल कुणीतरी भरलं की आपण सुटलो, असं आपण धरून चालतो. घर मोडतं ते बिलाच्या बाहेरच्या खर्चानं. सरकारी योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण म्हशीची धार काढायला योजना येत नाही. तिथे वाडीच लागते.

आणखी एक सांगते, कारण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. ते दहा हजार देताना आम्ही फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फोन माझ्याच हातात होता. वहिनींचे केस गेलेले, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. पुढे कितीतरी दिवस त्या विहिरीवर यायचं टाळत. मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो काढू नका. हिशेब सभेत वाचा, वहीत लिहा, पण नाव खजिनदारापाशीच राहू द्या.

त्या वर्षानंतर आम्ही रीत बदलली. पैसे एकदम देत नाही, उपचार चालतील तितके महिने थोडे थोडे देतो. पहिल्या खेपेला मुंबईतला एक चाकरमानी दादरला फलाटावर उभा राहतो. यासाठी रजा टाकणारी पोरं आहेत आमची, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. लावणीला घरटी एक माणूस त्या शेतात उतरतो. मूल शेजारच्या घरी जेवतं, तिथेच अभ्यासाला बसतं.

राहायचं कुठे, तेही आता आम्ही निघण्याआधी ठरवतो. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटाचे रुग्ण नि त्यांची माणसं राहतात. परळची नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून बाहेरगावच्या रुग्णांची सोय करते. लहान मुलाला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूड या संस्थेची केंद्रं आहेत, 2006 पासूनची. तिथे मूल आणि आईबाप एकत्र, विनामूल्य राहतात. जागा कुठेही पटकन मिळत नाही, म्हणून हॉस्पिटलात पाय ठेवल्या ठेवल्या समाजसेवा विभागात जा आणि राहण्याचं विचारा. आमच्या वहिनींना हे दार कुणी दाखवलंच नव्हतं.

रेल्वेचंही सांगते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत असते. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो. किती घरांनी दोघांची पूर्ण तिकिटं काढली असतील, या विचारानं मला अजून हळहळ वाटते.

आणि दर वेळी मुंबईच गाठायला हवी असंही नाही. चिपळूणजवळ डेरवणला विठ्ठलराव जोशी ट्रस्टचं वालावलकर रुग्णालय आहे, कॅन्सरचे उपचार तिथेही होतात. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं घालून दिलेली ही योजना आहे, तेव्हा मागताना संकोच करू नका. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड मात्र घरातून निघतानाच फाइलला लावा.

गेल्या आठवड्यात खालच्या वाडीतून निरोप आला, एका आजोबांना घशाचं निघालंय, सोमवारच्या तुतारीनं जायचंय. मी वही घेऊन त्यांच्या घरी पोचले तर आमच्या वहिनी आधीच ओटीवर बसलेल्या. पिशवी भरून देत होत्या. दाखल्यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, एक जाड चादर, पातळ पेजेसाठी उकड्या तांदळाची पुरचुंडी, थर्मास. आजींना त्या सांगत होत्या, "म्हशीचं मी बघते, काकी. सकाळची धार माझ्याकडे."