सेंटर गेला, आता काय?

तर मंडळी, विषय बास्केटबॉलचा आणि सरळ आहे. प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, सुरू आहेत, सीरिज अर्ध्यावर आलीय आणि तुमचा मेन सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच माणूस, पाय धरून खाली बसलाय. आता काय करायचं? आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर म्हणजे बेंचवरचा सगळ्यात उंच पोरगा उठवायचा आणि सांगायचं, जा, त्याच्या जागी उभा राहा. माझं म्हणणं असं की हे उत्तर बहुतेक वेळा चुकतं. कसं चुकतं आणि त्याऐवजी काय चालतं ते एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, काही सीरिज (सात मॅचपैकी आधी चार जिंकेल ती टीम पुढे) घेऊन बघू, कारण तिथलं सगळं रेकॉर्डवर आहे, उगाच वाद घालायला जागा नाही.

आधी एक बघा, सेंटर नेमकं करतो काय? पॉइंट काढतो हे सगळ्यांना दिसतं. पण तो बास्केटखाली उभा आहे एवढ्यानेच समोरचा गार्ड (बाहेरून बॉल घेऊन खेळणारा) आत घुसताना दोनदा विचार करतो, हे स्कोअरशीटवर येत नाही. तो रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल, घेतो तेव्हा कुठे तुमचा फास्टब्रेक, म्हणजे पळत केलेला हल्ला, सुरू होतो. पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या जागेत, त्याच्याकडे बॉल गेला की दोन जण धावत येतात आणि तुमचा शूटर मोकळा होतो. स्क्रीन लावतो, म्हणजे आपल्या माणसासाठी समोरच्याची वाट अडवतो, मागून ओरडून सांगतो की डावीकडून आला, सांभाळ. म्हणजे एक माणूस गेला की पाच-सहा कामं एकदम उघडी पडतात. घरात आई आजारी पडली की आपण दुसरी आई आणत नाही ना, एक जण कुकर लावतो, एक जण पाणी भरतो, एक जण डबे करतो, थोडा गोंधळ होतो पण घर चालतं. तसंच.

आता १९७० घ्या. न्यूयॉर्क निक्स विरुद्ध लेकर्स, फायनल, दोन-दोन बरोबरी, पाचवी मॅच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. निक्सचा सेंटर विलिस रीड, त्या सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. समोर कोण तर विल्ट चेंबरलेन, सात फूट एक इंच. पहिल्याच क्वार्टरमध्ये रीड ड्राइव्ह करताना पडला, उजव्या मांडीचा स्नायू फाटला, संपलं. त्याच्या जागी बेंचवरचे उंच लोक पाठवून बघितले, म्हणजे तेच आपलं ठरलेलं उत्तर, आणि हाफटाइमला लेकर्स तेरा पॉइंटने पुढे.

हाफटाइमला लॉकर रूममध्ये बिल ब्रॅडलीने (हो, तोच जो पुढे अमेरिकेत सिनेटर झाला) कोच रेड होल्झमनला सुचवलं की आपण झोन (माणूस न धरता जागा राखणारा डिफेन्स) तोडायला जो एक-तीन-एक ऑफेन्स वापरतो तो आता वापरू. गंमत अशी की तेव्हा एनबीएत झोन डिफेन्सला परवानगीच नव्हती. पण ब्रॅडलीच्या डोक्यात गणित पक्कं होतं. एक जण वर बॉल घेऊन, तीन जण फ्री थ्रो लाइनच्या रेषेत आडवे, एक जण बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या रेषेजवळ, इकडून तिकडे फिरणार. लो पोस्टमध्ये, अगदी बास्केटखाली, कायमचा उभा असा कोणीच नाही. आता विल्टने कोणाला धरायचं? तो बास्केटखाली थांबला तर बाहेरचा माणूस मोकळा शॉट मारणार, आणि तो बाहेर आला तर आतलं दार सताड उघडं. सेंटर नाही ही अडचण होती, तिचंच त्यांनी हत्यार केलं.

आणि डिफेन्स! विल्टला धरायला कोण, तर डेव्ह डीबुशेर, उंची सहा फूट सहा इंच, म्हणजे सात इंचांचा फरक. डीबुशेर मागे उभा राहून उंचीत जिंकणार नव्हताच, म्हणून विल्टपर्यंत बॉलच पोचू द्यायचा नाही असं ठरलं. गार्डवर प्रेशर, पास जाण्याच्या रस्त्यात हात, बॉल आत गेलाच तर दुसरा लगेच मदतीला. दुसऱ्या हाफमध्ये विल्टला जेमतेम तीन शॉट मिळाले आणि लेकर्सचा स्टार गार्ड जेरी वेस्ट, त्याच्यासारख्या माणसाला एक फील्ड गोल नाही. लेकर्सनी ढिगाने टर्नओव्हर केले, म्हणजे बॉल फुकट घालवले. निक्स १०७-१०० ने जिंकले.

पण इथे थांबू नका. सगळे इथून उडी मारून थेट सातव्या मॅचवर जातात, रीड लंगडत कोर्टवर आला, इंजेक्शन घेऊन आला, पहिले दोन शॉट टाकले, पब्लिक वेडं झालं वगैरे. मधल्या सहाव्या मॅचबद्दल कोणी बोलतच नाही. ती लॉस एंजेलिसला झाली, रीड नव्हता, निक्स तीच युक्ती घेऊन गेले आणि विल्टने ४५ पॉइंट आणि २७ रिबाउंड काढले. १३५-११३. समोरच्याला दोन दिवस मिळाले विचार करायला, एवढंच झालं. माझ्या मते आजच्या विषयात ही सहावी मॅच पाचवीइतकीच महत्त्वाची आहे.

आणि सातव्या मॅचचं म्हणाल तर रीडचे एकूण चार पॉइंट, तीन रिबाउंड. निक्सचा गार्ड वॉल्ट फ्रेझर, त्याचे ३६ पॉइंट आणि १९ असिस्ट (बास्केट करून देणारे पास)! मॅच फ्रेझरने काढली, फोटो रीडचा लागला. रीडचं काही कमी करत नाही मी, तो आला म्हणून बाकीच्यांच्या अंगात बळ आलं हे खरंच, पण कोच म्हणून बघताना काम कोणी केलं हे बघायला हवं.

आता १९८०. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण अर्धवट माहीत असेल. लेकर्स विरुद्ध फिलाडेल्फिया, लेकर्स ३-२ ने पुढे. त्यांचा सेंटर करीम अब्दुल-जब्बारने पाचव्या मॅचमध्ये घोटा मुरगळला, तरी परत येऊन ४० पॉइंट काढून मॅच जिंकून दिली आणि मग घोटा असा सुजला की सहाव्या मॅचला फिलाडेल्फियाला जायचं नाही, लॉस एंजेलिसमध्येच उपचार घ्यायचे, वेळ आलीच तर सातव्या मॅचला उपयोगी पडेल. हा निर्णय मला फार आवडतो. सगळं एका रात्रीवर लावलं नाही.

त्यात टीमचं आधीच काय काय झालं होतं बघा. कोच जॅक मकिनी सीझनच्या सुरुवातीलाच सायकलवरून पडून जबर जखमी झाला होता आणि त्याचा असिस्टंट पॉल वेस्टहेड टीम चालवत होता. फायनल सुरू असताना स्पेन्सर हेवूडला टीमबाहेर काढलेलं, म्हणजे आणखी एक उंच माणूस कमी. विमानात करीमची ठरलेली सीट असायची, तिथे जाऊन बसला मॅजिक जॉन्सन, वय वर्षं २०, पहिलाच सीझन, आणि सगळ्यांना म्हणतो काय की घाबरू नका, मी आहे ना.

१६ मे १९८०, स्पेक्ट्रम एरिना. जंप बॉलला, म्हणजे मॅच सुरू करताना वर फेकलेल्या बॉलला, सेंटरच्या जागी मॅजिक उभा राहिला, जो एरवी पॉइंट गार्ड, टीमचा खेळ चालवणारा. जंप बॉल तो हरला, बरं का. पण त्या रात्री त्याचे ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट, १४ पैकी १४ फ्री थ्रो. फायनलचा एमव्हीपी. म्हणून लोक सांगतात की मॅजिक सेंटर खेळला आणि करीमची जागा भरून काढली.

मला हे पटत नाही. करीमची जागा कोणीच भरून काढली नाही त्या रात्री. फिलाडेल्फियाचा डॅरिल डॉकिन्स म्हणजे बॅकबोर्डच्या काचा फोडणारा राक्षस, त्याच्याशी धक्काबुक्की करायला होता जिम चोन्स, खरं तर सेंटरचं कष्टाचं काम त्याने केलं आणि डॉकिन्सला चौदा पॉइंटवर ठेवलं. जमाल विल्क्सने ३७ पॉइंट काढले, ३७! दुसऱ्या कुठल्याही रात्री पेपरात त्याचाच फोटो आला असता, बिचारा. बेंचवरून मार्क लँड्सबर्गर आला आणि रिबाउंडसाठी भिडला. मायकेल कूपर होताच. आणि मॅजिकने केलं काय, तर रिबाउंड घेतला की आउटलेट पास (गार्डकडे बॉल टाकणं) वगैरे भानगड नाही, स्वतःच बॉल घेऊन पळत सुटला. करीम असताना टीम अर्ध्या कोर्टात थांबायची, तो येऊन पोस्टमध्ये उभा राहायचा, मग त्याला बॉल. आता थांबायचं कोणासाठी? पळा! हाफटाइमला ६०-६० बरोबरी होती, तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला लेकर्सनी सलग १४ पॉइंट काढले, फिलाडेल्फियाला हे पळणं झेपेना. मॅच १२३-१०७.

फिलाडेल्फियाने तयारी करीमसाठी केलेली, त्याचा स्काय हुक (डोक्यावरून एका हाताने मारायचा शॉट) कसा अडवायचा, डबल टीम, म्हणजे त्याच्यावर दुसरा माणूस, कुठून पाठवायची. ती सगळी तयारी वाया. (आणि अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत ही मॅच लाइव्ह दाखवलीच नाही, रात्री साडेअकराला रेकॉर्डेड दाखवली. असले दिवस होते एनबीएचे.)

आता विचारा, सातवी मॅच झाली असती तर? माहीत नाही, झालीच नाही. पण २००९ मध्ये ह्यूस्टनचं काय झालं त्यावरून अंदाज येतो.

ह्यूस्टन रॉकेट्स आणि याओ मिंग, उंची सात फूट सहा इंच. २००८ मध्ये ही टीम सलग १२ मॅच जिंकलेली असताना याओच्या डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर, सीझन संपला. सगळे म्हणाले गेली टीम. त्यांनी आणखी दहा जिंकल्या, सलग २२! सेंटरला कोण तर ४१ वर्षांचा डिकेम्बे मुटोम्बो. पण मुटोम्बोकडून याओचे पॉइंट कोणी मागितले नाहीत, कोच रिक एडलमनने त्याला फक्त बास्केट राखायला सांगितलं आणि ऑफेन्स ट्रेसी मग्रेडी नि बाकीच्यांकडे दिला. प्लेऑफमध्ये मात्र पहिल्याच राउंडला युटाहने बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी परत तेच, याओ लेकर्सविरुद्ध तिसऱ्या मॅचमध्ये जखमी. मुटोम्बोचा गुडघा आधीच्या राउंडमध्ये गेलेला. मग्रेडी ऑपरेशन होऊन बसलेला. चौथ्या मॅचला सेंटर म्हणून उतरला चक हेज, उंची सहा फूट सहा इंच, समोर पाव गसोल आणि अँड्र्यू बायनम, दोघंही सात फुटी. तुम्ही हेजला खेळताना बघितलं नसेल तर जरूर बघा. उडी मारून अडवायच्या फंदात तो पडायचाच नाही. गसोलच्या मांडीला मांडी लावून, बूड खाली ठेवून, त्याला बास्केटपासून दोन पावलं लांब ढकलत न्यायचा, बॉल खाली आला की हाताने झडप. आणि दुसऱ्या टोकाला छोटासा, चपळ एरन ब्रूक्स त्या सात फुटी लोकांच्या मधून घुसत होता, कारण आता याओ नव्हता तशी आत गर्दीही नव्हती. ब्रूक्सचे ३४ पॉइंट, ह्यूस्टन ९९-८७ ने जिंकलं, मधे तर २९ ने पुढे होते.

पाचवी मॅच लॉस एंजेलिसला. ११८-७८. चाळीस पॉइंटने हरले! तेच खेळाडू, तोच प्लॅन. सहावी घरी परत जिंकली, सातवी ८९-७० अशी हरली. म्हणजे लहान टीमची युक्ती घरच्या कोर्टवर, पब्लिकच्या जोरावर, पाय ताजे असताना चालते. सारखं सारखं सात फुटी माणसाला ढकलत राहायचं म्हणजे सहा फुटी माणसाचे पाय जातातच.

उलटं उदाहरण पण सांगतो, थोडक्यात. २०१६ चे वॉरियर्स, सीझनमध्ये ७३ मॅच जिंकलेले. फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये अँड्र्यू बोगटचा गुडघा गेला. लोक म्हणाले काय फरक पडतो, यांची छोटी लाइनअपच तर सगळ्यात भारी. हो, पण ती अधूनमधून वापरायची चीज होती, पूर्ण मॅच तिच्यावर काढायची नव्हती. मागे उंच माणूस उरला नाही आणि समोरच्या क्लीव्हलँडचे लेब्रॉन जेम्स नि कायरी अर्व्हिंग आत घुसत राहिले. त्या पाचव्या मॅचमध्ये वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीनही सस्पेंड होता हे मान्य, पण लेब्रॉन आणि कायरीने प्रत्येकी ४१ काढले. ३-१ ने पुढे असलेली टीम फायनल हरली. ज्या बॅकअपला, फेस्टस एझिलीला, नेहमी थोडीच मिनिटं मिळायची त्याला सातव्या मॅचच्या शेवटी लेब्रॉनसमोर थ्री-पॉइंट लाइनवर उभं राहावं लागलं आणि त्याने फाउल केला. त्या पोराचा काय दोष?

आता आपल्या टीमचं बघू, कारण समोर बसलेल्यांत निम्मे तरी शाळा-कॉलेजच्या टीम सांभाळणारे आहेत. तुमच्याकडे मुळात एकच सव्वासहा फुटी पोरगा असतो. तो जखमी व्हायची वाट कशाला बघता? आठवड्यातून एक प्रॅक्टिस त्याला बाहेर बसवून घ्या. पाचही जणांना बॉक्स आउट (शॉट गेला की अंगाने समोरच्याला बास्केटपासून अडवणं) करायला लावा, गार्डला सुद्धा, गार्ड लोक शॉट गेला की पुढे पळतात, ही सवय आधी मोडा. पोस्टमधल्या समोरच्या माणसाच्या पुढे उभं राहायला शिकवा, आणि पुढून उभं राहिलं की डोक्यावरून पास येणार, तो घ्यायला मागे कोण जाणार हे नाव घेऊन ठरवा. "कोणीतरी जाईल" म्हणलं की कोणी जात नाही.

मघाशी एका मॅडमनी चिठ्ठी पाठवली की जखमी खेळाडू स्वतःच म्हणतो मला खेळू द्या, पट्टी बांधून उतरतो, तेव्हा काय करायचं. मॅडम, रीडचा फोटो बघून हे सगळं सुरू होतं. त्याला पुढे गुडघ्याने इतकं छळलं की १९७१-७२ मध्ये ११ मॅच खेळला आणि १९७४ ला रिटायर झाला. याओने २००९ च्या दुखापतीनंतर पुढचा आख्खा सीझन घालवला, त्याच्या पुढच्या वर्षी पाच मॅच, आणि २०११ ला वयाच्या तिशीत खेळ बंद. ते पगारी खेळाडू होते, सोबत डॉक्टरांची फौज होती. आपला पोरगा अकरावीत आहे, त्याला सिमेंटच्या कोर्टवर उड्या मारायच्यात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. पालक म्हणाले तरी नाही, आणि फायनल असली तरी नाहीच.

बरं, आता तो एक-तीन-एक प्रत्यक्ष बघू. पुढच्या रांगेतले पाच जण खाली कोर्टवर या, आणि तुम्ही, हो, निळ्या टीशर्टवाले, सगळ्यात उंच तुम्हीच दिसताय, तुम्ही विल्ट व्हा.